पुढे चालू

फावडी, रस्त्यावर टाकायचं मीठ, बर्फातल्या मासेमारीचे गळ,
बादलीत वळवळणारं जिवंत आमिष,
आणि या सगळ्याच्या मागे, गल्ल्याशेजारी,
काचेच्या छोट्या कपाटात
मी फोन विकतो.
मिशिगनच्या या वरच्या टोकाला
नोव्हेंबरात पाचच्या आत अंधारतं.

ऐली कांगास आल्या. उंबऱ्यावर बूट आपटले, दोनदा.
हातात कंपनीचं पत्र:
जुनी तांब्याची तार आता काढून टाकणार.
वय एकोणऐंशी, पाठ ताठ.
“सगळ्यांत कमी वापराचं काय आहे?”
पावशेर खिळे मागावेत तशा म्हणाल्या.

मी घोकलेलं म्हणून दाखवलं.
अमर्याद, महिना पंचेचाळीस.
बोलणाऱ्याची माती खपते म्हणतात;
माझी खपली नाही.
मग पंधरा डॉलरचं कार्ड, साठ मिनिटं, नव्वद दिवस,
उरली तर गेली.
“गेली म्हणजे कुठं?”
हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेलं नाही.
मग वर्षाचं कार्ड, शंभर डॉलर, हजार मिनिटं,
मुदतीत पुन्हा भरलं तर उरलेली पुढे चालू.
“पुढे चालू,” त्या म्हणाल्या,
आणि हातमोजे काढले.

पावतीच्या पाठीवर पेन्सिलीने मांडणी:
औषधवाला, दोन मिनिटं.
बर्फ हटवणारा हेइक्की, एक, तो नुसतं “बरं” म्हणतो.
चर्चच्या कॉफीची पाळी, चार, कारण ती बाई फार बोलते.
दर रविवारी रेइनो, धाकटा भाऊ, खाडीपलीकडे.
इथे पेन्सिल अडली.

“बोलणं मोजतात, की कानाला लावलेला वेळ?”
कानाला लावलेला.
“आणि गप्प असलो तर?”
तेही मोजतात.
“अर्ध्या दराने?”
नाही, पूर्ण.
आणि खोटं बोलवेना म्हणून सांगून टाकलं,
ज्याला फोन येतो, त्याचीही तेवढीच कापतात.

तेव्हा कळलं ते असं.
आधी हवा. मग सरपण पुरेल का. मग कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन.
तीन मिनिटांत संपतं सगळं.
त्यानंतर पंचवीस मिनिटं
तिकडे त्याची चूल तडतडते, इकडे हिच्या सुया चालतात,
कुणी काही म्हणत नाही.
शेवटी एकजण “बरं तर.”
साठ वर्षं असंच. तांब्याच्या तारेने कधी विचारलं नाही.

मी हुशारी केली:
गप्प झालात की ठेवून द्या,
“बरं तर” म्हणायला पुन्हा लावा.
पातळ बर्फावर गाडी घालणाऱ्याकडे बघावं
तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

अठ्ठावीस गुणिले बावन्न. हातचे धरून, खाली रेघ मारून.
एक कार्ड पुरत नव्हतं. दोघांचं मिळून चार.
कॉफीच्या डब्यातून नोटा निघाल्या, वीस-वीसच्या,
अजून कॉफीचा वास असलेल्या.
दोन घडीचे फोन, मोठ्या आकड्यांचे.
“न बोलण्याला एवढा भाव असेल,” त्या म्हणाल्या,
“तर माल चांगलाच असणार.”
आणि दार लावून घेतलं, नीट, वारा आत येऊ नये म्हणून.

त्या रविवारी दुकान बंद केल्यावर
मी फिनिक्सला लेकीला फोन लावला.
आमचं दोघांचंही अमर्याद आहे.
हवा झाली. तिची नवी नोकरी झाली.
मग मी मुद्दाम गप्प राहिलो,
बादलीतलं पाणी हलत होतं ते तिला ऐकू जावं म्हणून
फोन जरा खाली धरला.

अकरा सेकंद.

“बाबा? हॅलो? आवाज येतोय ना?
कट झाला वाटतं.”